लुटीचा आकडा आणि लुटीची रीत



अलीकडे एक आकडा आपल्याकडे फार फिरतो आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानातून ४५ ट्रिलियन डॉलर नेले, म्हणजे ४५ लाख कोटी डॉलर. चहाच्या टपरीवर, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत, मोबाइलवर, सगळीकडे हा आकडा ऐकू येतो. तो हवेतून आलेला नाही. उत्सा पटनाईक या अर्थशास्त्राच्या अभ्यासू प्राध्यापिकेने तो मांडला आणि २०१८ साली तो लेखाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. आज आपल्याला या आकड्याची परीक्षा करायची आहे. आम्ही तत्त्वज्ञान शिकवत आलो, अर्थशास्त्र नव्हे. पण ‘हे तुम्हाला कशावरून कळलं?’ हा प्रश्न विचारणं हाच आमचा धंदा. तो प्रश्न आपल्याला आवडणाऱ्या विधानांनाही विचारायला हवा. नावडत्या विधानांना तो विचारायला कोणी शिकवावं लागत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. लूट झाली की नाही, हा आजचा वाद नाही. लूट झाली. वाद आहे तो ती कशी झाली हे आपल्याला कळलं आहे का, याचा. आणि आमचं म्हणणं असं, की आकडा जितका मोठा होत गेला, तितकी ‘कशी’ ही गोष्ट झाकली गेली.

आकडा बनला कसा ते बघा. १७६५ ते १९३८ या काळात हिंदुस्थानने निर्यातीतून जे जास्तीचं कमावलं आणि जे त्याच्या हाती पडलं नाही, त्या रकमा घेतल्या. त्यावर ५ टक्के चक्रवाढ व्याज लावून त्या आजपर्यंत आणल्या. आता घरी जाऊन कागद-पेन्सिल घ्या. एक रुपया ५ टक्के चक्रवाढीने १०० वर्षांत सुमारे १३१ रुपये होतो. २०० वर्षांत तो १७ हजारांच्या वर जातो. दर ५ ऐवजी ३ करा. मग २०० वर्षांत होतात फक्त ३६९ रुपये. मूळ रुपया तोच, चोर तोच, चोरी तीच. दोन टक्क्यांनी उत्तर जवळजवळ ४७ पटींनी बदललं! म्हणजे हा अगडबंब आकडा आपल्याला लुटीबद्दल जेवढं सांगतो, त्याहून जास्त व्याजदराबद्दल सांगतो.

यावर कोणी म्हणेल, ५ टक्के तरी अन्यायाचे कुठे आहेत? हा मुद्दा वजनदार आहे. १८४९ च्या करारात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भागधारकांना सरकारने ५ टक्क्यांची हमी दिली होती. रेल्वेला तोटा झाला तरी हमीचं व्याज हिंदुस्थानच्या महसुलातून द्यायचं. हीच रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. तेव्हा साहेबाला साहेबाचाच दर लावला, यात नैतिकदृष्ट्या गैर काही नाही. पण नैतिक दावा वेगळा आणि ऐतिहासिक ज्ञान वेगळं. ‘तुम्ही आमचं इतकं देणं लागता’ हे फिर्यादीचं वाक्य झालं. ‘हे असं असं घडलं’ हे साक्षीदाराचं वाक्य. फिर्यादीनेच साक्ष द्यायची ठरवली, तर निकाल काय लागेल हे सांगायला नको.

गंमत म्हणजे पटनाईकांच्या लेखातला खरा सोन्याचा भाग हा आकडा नाहीच. त्यांनी रीत सांगितली आहे, ती फार मोलाची आहे. पण रीत सांगायला दहा मिनिटं लागतात आणि आकड्याला दोन सेकंद. म्हणून आकडा फिरला, रीत मागे राहिली. तीच आज आपल्या जिल्ह्याच्या जमिनीवर उभी करून बघू.

तुमसर तालुक्यातलं चिखला घ्या, डोंगरी बुजुर्ग घ्या. मँगनीजच्या खाणी. बेसेमरने १८५६ मध्ये झटपट पोलाद करण्याची पद्धत काढली, पण ते पोलाद ठिसूळ निघायचं. मँगनीजची भर घातली तेव्हा ते वापरण्याजोगं झालं. पुढे १८८२ मध्ये शेफील्डच्या हॅडफील्डने मँगनीज पोलादच तयार केलं. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या भट्ट्यांना हा काळा दगड हवाच होता. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट निघाली. पुढे तिचंच नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झालं. कंपनी नोंदलेली विलायतेत. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातला दगड रेल्वेने बंदरावर आणि बंदरातून बोटीने बाहेर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मँगनीज उत्पादनात हिंदुस्थान रशियाच्या बरोबरीने जगात आघाडीवर होता. अभिमानाची गोष्ट वाटते ना? थांबा.

दगड विकला गेला. पैसे मिळाले पौंडात, लंडनमध्ये. कंपनीला चिखल्याच्या मजुराला मजुरी द्यायची आहे, ती रुपयात. पौंडाचे रुपये कसे होतात? इथे भारतमंत्र्यांची हुंडी येते. तिला कौन्सिल बिल म्हणत. लंडनमध्ये दर आठवड्याला या हुंड्या विकायला निघत. ज्याला हिंदुस्थानात रुपये हवेत, त्याने लंडनला भारतमंत्र्यांच्या खात्यात पौंड भरायचे आणि हुंडी घ्यायची. ती हुंडी कलकत्त्याला किंवा मुंबईला सरकारी तिजोरीत दाखवली, की रुपये हातात. मध्ये बँका असतात, दलाल असतात, पण सांगाडा हाच.

आता बघा काय झालं. पौंड लंडनमध्येच राहिले. त्यातून भारतमंत्र्यांनी ‘होम चार्जेस’ भागवले: कर्जाचं व्याज, रेल्वेच्या हमीचा पैसा, निवृत्त साहेबांची पेन्शनं, इंडिया ऑफिसचा खर्च. आणि हिंदुस्थानात जे रुपये दिले गेले, ते आले कुठून? इथल्या महसुलातून. शेतसाऱ्यातून, मिठाच्या करातून. १८८८ ते १९०३ या काळात मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. तेव्हा चिखल्याच्या मजुराने घाम गाळून दगड काढला, त्याची मजुरी शेवटी ज्या तिजोरीतून फिरून आली, त्या तिजोरीत त्याच्याच आंबिलीतल्या मिठाचा पैसा होता. जिल्ह्याने दगडही दिला आणि त्या दगडाच्या किमतीचा एक हिस्साही आपणच भरला.

ही रीत. यात कोणी तलवार उपसलेली नाही. प्रत्येक पायरीवर पावती आहे, सही आहे, शिक्का आहे. मजुराला ठरलेली मजुरी मिळाली. हुंडी घेणाऱ्याने पूर्ण पैसे भरले. सरकारने कर कायद्याने वसूल केला. सुट्या सुट्या पायऱ्या तपासल्या तर चोर सापडत नाही. सगळ्या पायऱ्या जोडल्या की चोरी दिसते. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे थांबावं लागतं, कारण न्यायाचा विचार आपण बहुधा एकेका व्यवहारापुरता करतो. संपूर्ण साखळीचा न्याय करायची आपल्याला सवय नाही.

तुलनेसाठी आपल्याच घरात डोकावू. तेही करायला हवं, नाहीतर परीक्षा एकतर्फी होईल. भंडारा हा नागपूरकर भोसल्यांचा मुलूख. याच भोसल्यांच्या फौजांनी १७४० च्या दशकात बंगालवर स्वाऱ्या केल्या. तिथल्या लोकांच्या आठवणीत ‘बर्गी’ हा शब्द आजही भीतीचा आहे. १७५१ च्या तहात बंगालकडून वर्षाला १२ लाखांची चौथाई ठरली. ही लूट नव्हती काय? होती. बंगालच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने नागपूरचा घोडेस्वार आणि कंपनीचा गुमास्ता यांत फारसा फरक नसेल. मग आपण कोणत्या तोंडाने इंग्रजांना विचारायचं?

विचारायचं, पण फरक नीट समजून. पहिला फरक, बर्गीची लूट उघड होती. ती स्वतःला व्यापार म्हणवत नव्हती, सुधारणा म्हणवत नव्हती. लुटला गेलेला माणूस लुटणाऱ्याला ओळखत होता. दुसरा फरक, नागपूरला आलेला पैसा नागपूरच्या मुलखात खर्च झाला. दरबार उठला-बसला तो पवनी, मोहाडी, नागपूर, उमरेड इथल्या कोष्ट्यांनी विणलेल्या कापडावर. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. तेव्हा जडजवाहीर लिलावात गेलं, हे आपण इतिहासात वाचतो. लिलावात न दिसलेली गोष्ट अशी, की विणकराचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक त्या दिवशी मेलं. आणि डलहौसीच्या त्या वेळच्या टिपणात इंग्लंडच्या कापसाच्या गरजेचाही उल्लेख आहे. राज्य घेताना डोळा फक्त गादीवर नव्हता, शेतावरही होता.

आता एक दुसरा दस्तऐवज वाचू. हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचा अधिकारी १८६० च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता. त्याच्या अहवालातलं म्हणणं आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. रेल्वेचा फाटा कापसाच्या मुलखात आला, की विलायती कापड इतकं स्वस्तात आणता येईल की देशी कापड मागे पडेल. मग इथे सुतासाठी वापरला जाणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल. आणि कातणारी-विणणारी माणसंही मोकळी होतील, ती शेतमजुरीला लावता येतील, जंगल तोडून जमीन वहितीखाली आणता येईल. या कल्पनेत क्रौर्याचा आव कुठेच नाही. साधा, नेटका प्रशासकीय आशावाद आहे. आम्हाला तर ४५ ट्रिलियनपेक्षा हा अहवाल जास्त भयंकर वाटतो. माणसाचा हुन्नर इथे अडगळ ठरतो, आणि तो गेला की माणूस ‘मोकळा’ झाला असं म्हणतात.

त्याच सुमाराला, १८६६ मध्ये, लंडनच्या इंडिया म्युझियमचे फोर्ब्स वॉटसन यांनी हिंदुस्थानी कापडाच्या ७०० नमुन्यांचे १८ खंड तयार केले. खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवलेले. असे २० संच. त्यांतले १३ ब्रिटनमध्ये ठेवले आणि ७ हिंदुस्थानात. हेतू काय, तर इथल्या लोकांना काय नेसायला आवडतं ते तिथल्या गिरणीवाल्यांना कळावं. आज आपण ते खंड कलेचा ठेवा म्हणून बघतो, आणि ते आहेतच. पण विणकराचं ज्ञान कागदावर चिकटवून त्याच्याच विरुद्ध वापरायची ती सोय होती. ज्ञानाची ही निर्यात कोणत्या व्याजदराने मोजायची?

इथे प्रतिपक्षाचंही ऐकू. तीर्थंकर रॉय यांच्यासारखे इतिहासकार सांगतात, की हातमाग पूर्ण मेला ही दंतकथा आहे. आणि आपल्या जिल्ह्यापुरतं ते बरंच खरं आहे. मोहाडी, आंधळगाव, पवनी इथला माग थांबला नाही. कोष्ट्याने गिरणीचं सूत घेतलं, रेशीमकाठ राखला, कोशाचं कापड विणलं आणि तग धरला. मग मेलं काय? मेलं ते कातणं. आणि कातत कोण होतं? घराघरातल्या बायका. विणकर गिरणीचं सूत विकत घेऊ लागला, त्या दिवशी चरख्यावरची बाई बेकार झाली. तिची नोंद ना कुठल्या श्रेणीत, ना कुठल्या पंचायतीत. तसाच महार समाजातला विणकर. तो जाडंभरडं कापड विणायचा, गरिबाचं कापड. रेशीमकाठाला गिऱ्हाईक टिकलं, जाड्याभरड्याला टिकलं नाही. १८७७ मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि असे कितीतरी हात तिकडे वळले. लुटीचा घाव सगळ्यांना सारखा बसला नाही. ज्याच्याकडे आधीच कमी, त्याला जास्त बसला.

आता दादाभाईंकडे येऊ. या सगळ्या विचाराचे ते पितामह. १८६७ पासून ते हा विषय मांडत होते, १९०१ मध्ये त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यांनी काढलेलं दरडोई उत्पन्न, वर्षाला २० रुपये, प्रसिद्धच आहे. आम्हाला त्यांच्याबद्दल अधिक आदर वाटतो तो एका लहानशा गोष्टीसाठी. सरकारी अहवालातली सरासरी चुकीच्या पद्धतीने काढली आहे, हे त्यांनी दाखवलं, आणि उदाहरण घेतलं ते आपल्या मध्य प्रांताच्या अहवालाचं. सगळ्या जिल्ह्यांचे एकरी आकडे बेरजेला घ्यायचे आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचं, मग कोणाकडे लाख एकर असो की हजार! दादाभाईंनी ते पुन्हा नीट मांडलं. लक्षात घ्या, अशी दुरुस्ती केल्यावर उत्पन्न कमीच दिसेल असं नाही, ते जास्तही दिसू शकतं. तरी त्यांनी ती केली. आपल्या बाजूला सोयीचं नसलं तरी गणित बरोबर हवं, ही त्यांची शिस्त. ४५ ट्रिलियनच्या घोषणा देणाऱ्यांनी दादाभाईंकडून आधी ही शिस्त घ्यावी.

पण दादाभाईंच्या मांडणीतही एक जागा रिकामी आहे. त्यांच्या हिशेबात एका बाजूला ‘हिंदुस्थान’ आणि दुसऱ्या बाजूला ‘इंग्लंड’. जणू दोन माणसं समोरासमोर बसली आहेत. हिंदुस्थान नावाचा तो माणूस आतून एकसंध नव्हता. त्याच काळात जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. जोतीरावांना परदेशी मालाने कारागीर बुडाला हे दिसत होतंच, पण कुणब्याच्या घरातून पैसा निघतो तेव्हा तो विलायतेला पोचण्याआधी वाटेत कोणाकोणाच्या हाताला लागतो, हेही दिसत होतं. सावकार, वकील, कारकून, भट-कामगार. दादाभाई नदी समुद्राला मिळते तिथे उभे राहून मोजत होते. जोतीराव उगमापाशी उभे होते. दोघांचं मोजमाप एकत्र केल्याशिवाय पाणी किती गेलं ते कळणार नाही.

ते एकत्र करू शकणारा माणूस पुढे आला. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांनी एम.ए.साठी प्रबंध लिहिला, विषय ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था. त्यात महसूल, खर्च, कर्ज यांचा कोरडा हिशेब आहे, आणि शेवटचा आर्थिक निष्कर्ष स्वच्छ आहे: हिंदुस्थानने इंग्लंडला दिलं ते थक्क करणारं, इंग्लंडने हिंदुस्थानला दिलं ते जवळपास शून्य. कंपनीचा भागभांडवल-परतावासुद्धा आपणच दिला. १८३३ च्या कायद्याने ६० लाख पौंडांच्या भांडवलावर साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून ठरला आणि १८७४ मध्ये दुप्पट रक्कम देऊन ते भांडवल फेडलं गेलं. म्हणजे आपल्याला विकत घेणाऱ्याचे पैसेही आपणच फेडले! पण हेच बाबासाहेब पुढे आयुष्यभर दुसराही प्रश्न विचारत राहिले, की गोरा गेल्यावर सत्ता कोणाच्या हाती येणार. १९५४ मध्ये ते याच भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि पराभूत झाले. लुटीचं शास्त्र इतकं जाणणारा माणूस आपल्या दारात मतं मागायला आला आणि आपण त्याला परत पाठवलं. विलायतेला जाब विचारताना हेही विसरू नये.

आता विचाराल, एवढं सगळं कशासाठी? इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं झाली. तर त्याचं उत्तर असं. १९६२ मध्ये मँगनीज कंपनीतला ५१ टक्के वाटा केंद्र आणि राज्य सरकारांकडे आला, १९७७ मध्ये उरलेले ४९ टक्केही आले. खाण आपली झाली. चांगलंच झालं. पण खाण कोणाची, हा एक प्रश्न आणि दगडाचं पोलाद कुठे होतं, हा दुसरा. टनभर दगडाला मिळणारा पैसा आणि त्याच दगडाच्या फेरोमँगनीजला मिळणारा पैसा, यांतलं अंतर ज्या गावात राहतं, ते गाव श्रीमंत होतं. मालक बदलला तरी हा नियम बदलत नाही. आपल्या जिल्ह्यातून धान जातं, तेंदूपत्ता जातो, दगड जातो, आणि बी.ए., बी.एस्सी. झालेली पोरं जातात नागपूर-पुण्याला. दादाभाई पैशाच्या निःसारणाबरोबर नैतिक निःसारणही मोजत. अधिकारी अनुभव घेऊन मायदेशी जातो आणि मागे शहाणपण राहत नाही, असं त्यांचं दुःख होतं. तो निकष आज आपल्या तालुक्यांना लावून बघा.

मोठ्या आकड्याचा खरा तोटा इथे आहे. तो आकडा सांगतो, की लूट म्हणजे गोऱ्याने काळ्याची केलेली, लंडनला गेलेली, संपलेली गोष्ट. राग येतो, टाळ्या पडतात आणि आपण घरी जातो. रीत कळलेला माणूस असा घरी जात नाही. कुठलाही नवा करार, नवी खाण, नवा प्रकल्प आला की तो विचारतो: भाव कोण ठरवतो? मजुरीचा पैसा शेवटी कोणाच्या खिशातून फिरून येतो? आणि ज्यांचं काम जाणार, त्यांना ‘मोकळं’ कोण म्हणतंय?

पटनाईकांचा लेख वाचा. जरूर वाचा. आकड्याचं पान सोडून हुंड्यांच्या पानापासून वाचा. दादाभाई वाचा, असूड वाचा, बाबासाहेबांचा तो लहानसा प्रबंध वाचा. आम्ही इथे थांबतो. कोणाला आमच्या गणितावर आक्षेप असेल तर आधी तो घेऊ, स्तुती मागाहून.